बसायच्या आधी कॉकटेलचा जग भरून ठेवा

घरी मित्रमंडळी बसणार असली की यजमानाची एक ठरलेली गत होते. शेकर आणलेला असतो, पुदिन्याची जुडी आणलेली असते, आणि आठ वाजल्यापासून तो ओट्यापाशी उभा राहून एकेकाचा ग्लास बनवत बसतो. एक कॉकटेल नीट करायला तीन मिनिटं कुठेच जात नाहीत. दहा माणसं, प्रत्येकी दोन ग्लास, म्हणजे तासभर बाहेरच्या हसण्याचे आवाज ऐकत लिंबं पिळायची. दुसऱ्या फेरीपासून माप सुटतं आणि सगळा कारभार अंदाजपंचे. कोणाचा ग्लास कडक, कोणाचं नुसतं सरबत.

एकेक ग्लास बनवणं हे बारवाल्याचं काम. त्याच्याकडे बर्फाचं मशीन असतं, पिळलेला रस असतो आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. घरी जग भरावा. दुपारी निवांतपणे मापून, चाखून, फ्रीजमध्ये ठेवावा आणि संध्याकाळी स्वतःही इतरांसारखं खुर्चीत बसावं. यात एकच अडचण आहे. जगातल्या कॉकटेलला स्वतःचं गणित असतं आणि ते एका ग्लासाच्या कृतीला दहाने गुणून येत नाही.

जग किंवा वाडगाभर करून सगळ्यांनी वाटून प्यायची रीत आपल्याच किनाऱ्यावरची म्हणायला हरकत नाही. इंग्रजीतला ‘पंच’ हा शब्द आपल्या ‘पाच’वरून, ‘पंच’वरून गेला असं बहुतेक मानतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात तो १६३२ मध्ये दिसतो. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात सुरत, मुंबई, गोवा असा फिरला. सगळ्यात चांगली दारू नेरुळला होते, तिच्यापासून इथले इंग्रज ‘पाँच’ नावाचं पेय करतात आणि त्या शब्दाचा अर्थ पाच, असं त्याने लिहून ठेवलंय. (हे नेरुळ गोव्यातल्या बार्देशातलं, नवी मुंबईतलं नव्हे.) दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. शब्दाच्या उगमाबद्दल शंका घेणारेही आहेत, पण या पाचांपैकी एक जरी गळला तरी जग फसतो, एवढं मात्र खरं. बहुतेक वेळा गळतं ते पाणी.

त्याच्याकडे येतोच. आधी दहा जणांच्या रम पंचची कृती, कारण बाकीचं सगळं तिच्यावरूनच समजतं.

एक खंबा, म्हणजे ७५० मिली, काळी रम. ओल्ड मंक चालेल, नव्हे उत्तम चालेल, तिचा व्हॅनिलासारखा वास इथे उपयोगी पडतो. लिंबाचा रस २५० मिली. मध्यम कागदी लिंबातून जेमतेम १२ ते १५ मिली रस निघतो, म्हणजे अठरा-वीस लिंबं. आणताना पंचवीस आणावीत. उन्हाळ्यात लिंबं महाग आणि कोरडी असतात, त्यातली दोन-चार हमखास दगा देतात. साखरेचा पाक ३०० मिली आणि कोरा गार चहा एक लिटर. शेवटी वरून किसलेलं जायफळ.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. आंबट एक, गोड दोन, दारू तीन, पाणी चार हा जुना हिशेब. यातला गोडाचा आकडा मी खाली आणलाय, दोनऐवजी सव्वा. आपली रम मुळातच गोडसर लागते आणि दोन भाग पाक घातला तर दुसऱ्या ग्लासाला जीभ चिकटते.

पाक करताना तो शिजवायचा नाही. एकतारी वगैरे मुळीच नको. तसा पाक गार झाला की जगाच्या तळाशी घट्ट बसतो, कधी त्यात साखरेचे खडेही धरतात. २०० ग्रॅम साखर, २०० मिली गरम पाणी, विरघळली की झालं. त्याचा साधारण ३२० मिली पाक होतो. साखर थेट जगात घालून ढवळत बसण्यात अर्थ नाही. गार पाण्यात ती मुश्किलीने विरघळते आणि दारूत त्याहून कमी, त्यामुळे पहिले ग्लास आंबट आणि शेवटचे दोन सुधारस.

या पाकात एक जास्तीचं काम करता येतं आणि फरक सगळ्यात जास्त त्याचाच पडतो. लिंबू पिळायच्या आधी सहा-सात लिंबांची साल बारीक किसणीवर अगदी वरवर किसून घ्या. रंग तेवढा उतरवायचा, पांढरा भाग लागू द्यायचा नाही, तो कडू असतो. तो कीस कोरड्या साखरेत बोटांनी चोळून झाकून तासभर ठेवा. साखर ओलसर होईल आणि झाकण उघडताच ओट्यावर वास पसरेल. लिंबाचा वास त्याच्या रसात कमी आणि सालीतल्या तेलात जास्त असतो, ते तेल साखर ओढून घेते. मग त्यावर गरम पाणी घालून विरघळवा आणि गाळून घ्या. हे केलं नाही तरी पंच होईल. पण त्याची चव लिंबूसरबतात रम ओतल्यासारखी लागेल आणि लोक तसं म्हणतीलही.

रस त्याच दिवशी काढायचा, शक्यतो चार-पाच तासांच्या आत. आदल्या रात्री काढलेला रस शिळ्यासारखा लागतो आणि मागून कडवटपणा येतो. चिमट्याने पिळताना शेवटच्या थेंबासाठी ताकद लावू नका, सालीचा कडूपणा आणि फुटलेल्या बियांचा कडूपणा तिथूनच येतो. बाटलीतला तयार लिंबूरस आणायचा विचार असेल तर सरळ बिअर आणा.

चहा दार्जिलिंगचा किंवा आसामचा, पानाचा. एक लिटर उकळत्या पाण्यात चार चमचे, चार मिनिटं, लगेच गाळायचा. घरातली दाणेदार पूड वापरणार असाल तर तीन चमचे आणि दोनच मिनिटं, नाहीतर तुरटपणा लिंबाशी भांडतो. आणि उकळायचा नाही. आपला हात सवयीने गॅसकडे जातो, म्हणून सांगतोय. फ्रीजमध्ये हा चहा गढूळ होतो. त्यात बिघाड काही नाही, गार झाल्यावर चहातली तुरट द्रव्यं एकमेकांना धरतात म्हणून तसा दिसतो. रम पडली की कळतही नाही.

मिसळताना आधी पाक आणि रस, मग रम, मग चहा. पाक आणि रस दोन्हीतले थोडे, ४०-५० मिली, मागे ठेवा. आता चाखायचं, पण कोमट जगातून नाही. एका ग्लासात बर्फाचे दोन खडे टाका, त्यावर घोटभर पंच ओता, मिनिटभर थांबा, मग चाखा. गारव्यात गोडी दबते. कोमट असताना बरोबर वाटलेलं गारेगार झाल्यावर आंबट लागतं. पाव चमचा मीठ घाला. खारट लागता कामा नये, कडवटपणा तेवढा मागे सरतो. गोड-आंबटाची दुरुस्ती मागे ठेवलेल्या पाक-रसातून करायची. दुरुस्ती म्हणून आणखी रम ओतायची नाही. हा मोह प्रत्येकाला होतो.

असा जग सकाळी अकराला करून संध्याकाळी सातला काढला तर दुपारी काढलेल्यापेक्षा चांगला लागतो. रम, साल आणि चहा एकमेकांत मुरतात. मग लिंबाचं काय? सगळ्यात सोयीचं म्हणजे रम, पाक, चहा सकाळी एकत्र करून ठेवायचे आणि रस तेवढा चार-पाच वाजता घालायचा.

आता पाणी. बारवाला ६० मिली रम, ३० रस, २५ पाक असं ११५ मिली घेऊन बर्फासकट शेकर हलवतो. दहा-बारा सेकंदांत भांड्यावर बाहेरून दव धरतं, गाळून घेतलं की ग्लासात दीडशेच्या आसपास उतरतं. वरचं पाणी बर्फाचं आणि ते कृतीत कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही तीच कृती दहाने गुणून जगात ओतली आणि फ्रीजमध्ये ठेवली तर ते पाणी आलंच नाही. मग पहिला घोट घशाला लागतो, लोक म्हणतात फार कडक झालंय, यजमान घाईने पाक ओततो आणि पुढची बैठक चिकट होते. शेक करायच्या कॉकटेलचा जग करताना एकूण मापाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी घालावं. नुसतं ढवळायच्या, म्हणजे रस नसलेल्या कॉकटेलला पाचवा हिस्सा पुरे. पंचमध्ये ते काम चहा करतो, म्हणून पंच नवशिक्याला जमतो.

बर्फाकडे लोक फारच भाबडेपणाने पाहतात. फ्रीजचा एक ट्रे म्हणजे तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर बर्फ. दहा माणसांच्या चार तासांना सात-आठ किलो लागतो, ग्लासातला आणि बाटल्या गार ठेवायला टबमधला धरून. पिशवीतला खाण्याचा बर्फ वाइन शॉपवाले किंवा आइस्क्रीमवाले सांगू शकतात. मासळीबाजारातली लादी आणू नका, ती पिण्यासाठी नसते.

जगात किंवा वाडग्यात ट्रेचे खडे टाकायचे नाहीत, मोठा ठोकळा टाकायचा. लिटरभराचा स्टीलचा डबा पाऊण भरून आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवा, चोवीस तास लागतात. काचेच्या बरणीत हा प्रयोग नको, पाणी गोठताना फुगतं आणि बरणी तडकते. काढताना डबा नळाखाली अर्धा मिनिट धरला की ठोकळा सुटतो. मोठ्या ठोकळ्याला वजनाच्या मानाने बाहेरची बाजू कमी, म्हणून तो सावकाश वितळतो.

आणि पंच आधी फ्रीजमध्ये गार झालेलाच हवा. सव्वादोन लिटर पंच फ्रीजमधून सहा अंशांवर निघाला तर शून्याजवळ यायला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम बर्फ खर्च होतो. तोच पंच मुंबईच्या ३० अंशांच्या खोलीतला असेल तर जवळजवळ आठशे ग्रॅम बर्फ वितळून त्यात जातो. म्हणजे पाऊण लिटरहून जास्त पाणी, जे तुम्ही कुठेच धरलेलं नव्हतं. “बर्फ टाकला की होईल गार” या वाक्याने जितके जग पाणचट केलेत तितके कुठल्याच चुकीने केले नसतील.

वाडगा नसेल तर मोठं स्टीलचं पातेलं चालतं, काचेचं असेल तर देखणं दिसतं. आजीचं पितळेचं किंवा तांब्याचं भांडं फोटोत कितीही छान येवो, आतून कल्हई नसेल तर त्यात हे ठेवायचं नाही. लिंबाचा रस आहे, पितळेत ताक कळकतं तसंच हेही कळकणार. तांब्याच्या मगांनाही हाच नियम, आतून स्टीलचा किंवा कल्हईचा थर असेल तरच.

किती चढेल याचा हिशेब जग भरतानाच करून ठेवावा, कारण गोड, गार, आंबट पेयात दारू जिभेला कळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक रम, व्हिस्की, जिनच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ७५० मिलीत ३२१ मिली शुद्ध अल्कोहोल झालं. बर्फाचं पाणी धरून वरचा पंच अडीच लिटर होतो, म्हणजे साधारण १३ टक्के, वाइनइतका. दीडशे मिलीचा एक ग्लास ओतला तर त्यात २० मिलीच्या जवळपास अल्कोहोल गेलं. छोट्या पेगमध्ये, म्हणजे ३० मिलीत, ते १३ मिली असतं. तेव्हा एक ग्लास म्हणजे दीड छोटा पेग, एका जगाचे सोळा ग्लास. हे दहा जणांना पुरत नाही असं वाटत असेल तर दुसरा जग करा, पण पहिल्यात जास्त रम घालू नका.

खरी गडबड ग्लासांची होते. घरातला पाण्याचा ग्लास अडीचशे-तीनशे मिलीचा असतो आणि आपण तो काठोकाठ भरतो, कारण अर्धा ग्लास देणं आपल्याला कंजूषपणाचं वाटतं. असे दोन ग्लास म्हणजे पाच-सहा पेग, तेही पहिल्या तासात. म्हणून लहान ग्लास काढा आणि ओतायला डाव ठेवा. तो डाव एकदा औषधाच्या मापाने किंवा पेगमापाने मोजून घ्या, ७५ मिलीचा निघाला तर दोन डाव म्हणजे एक ग्लास. सगळ्यांना सारखं मिळतं आणि कोण किती प्यालं तेही लक्षात राहतं.

“मिक्स केलं की चढते” हा समज इथेच निकालात काढू. बिअरवर रम की रमवर बिअर याने शरीराला फरक पडत नाही, एकूण अल्कोहोल किती गेलं याने पडतो. साडेसहाशे मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरमध्ये ५२ मिली अल्कोहोल असतं, म्हणजे चार छोटे पेग. ती ‘नुसती बिअर’ म्हणून पिऊन वर दोन ग्लास पंच घेणारा सात पेग पिऊन बसलेला असतो आणि दोष मिश्रणाला देतो. शरीर तासाला साधारण एक छोटा पेग निचरा करतं. कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही.

काही पेयांची बाब पंचच्या उलट असते. त्यात दारू जगात नको, बाजूला हवी. कोकम त्यातलं पहिलं.

कोकमचे तीन प्रकार घरात असतात आणि इथेच जग फसतो. आमसूल म्हणजे वाळवलेली साल. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, सोलकढीचा. अमृतकोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं सिरप. कॉकटेलला अमृतकोकम लागतं. कोणीतरी हमखास आगळाची बाटली ओततो, दोन्हींचा रंग सारखाच गडद, आणि मग जिनची खारट कढी होते. बाटली उघडून एक थेंब जिभेवर ठेवायचा, एवढी खबरदारी पुरते. आगळच असेल तर एका ग्लासाला एक चमचाच घ्या, गोडीसाठी साधा पाक वापरा, आणि वेगळं मीठ घालू नका.

एका ग्लासाचं माप असं: जिन ४५ मिली, अमृतकोकम २५, लिंबाचा रस १०, सोडा १२०. आठ ग्लासांसाठी २०० मिली अमृतकोकम आणि ८० मिली रस छोट्या जगात एकत्र करून, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून फ्रीजमध्ये ठेवा. प्रत्येक ग्लासात बर्फ, त्यावर या मिश्रणाचे ३५ मिली, मग जिन, शेवटी सोडा. सोडा जगात कधीच नाही. पंधरा मिनिटांत त्याचा जोर जातो आणि उरतं ते कोमट कोकम सरबत. सोड्याची बाटलीही आधीपासून गार हवी, कोमट सोडा बर्फावर पडला की सगळा वायू फेस होऊन उडून जातो. ओतल्यावर चमच्याने खालून वर एकदाच उचला. गोल गोल ढवळू नका.

दारू बाजूला ठेवण्याचा फायदा असा की ज्याला गाडी चालवायची आहे, जो पीत नाही, जिचा आज उपास आहे, त्या सगळ्यांना तेच मिश्रण, तोच ग्लास, तोच रंग. “तू काय घेणार, कोक?” हा प्रश्न उरत नाही आणि “एक घे रे” हा आग्रहही. न पिणाऱ्याच्या हातात बाकीच्यांसारखाच ग्लास असला की त्याच्या मागे कोणी लागत नाही.

कैरीच्या पन्ह्याचंही तसंच. गुळाचा, वेलदोडा घातलेला गर ४० मिली, व्होडका ४५, गार पाणी १००, किंचित मीठ. गर तळाशी बसतो, दर वेळी ढवळून ओता. केशर घालू नका, व्होडकावर ते वाया जातं.

जिनऐवजी काजूची फेणी वापरायची असेल तर ४५ ची जागा ३० ने भरा. फेणीचा वास दबत नाही आणि दाबायचाही नसतो. तिला कोकम फार चांगलं झेपतं, संत्र्याचा रस अजिबात नाही. गोव्याच्या या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याने कधी प्यालेली नाही त्याला आधी नुसता वास घेऊ द्या. काहींना तो पक्व बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा वाटतो, काहींना सडक्या, आणि दुसऱ्या गटाला वाद घालून पटवता येत नाही.

फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत गोव्यात असाल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि हुर्राक आणा. बोंडूंचा आंबवलेला रस पहिल्यांदा गाळला की हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. फेणी ४२ टक्क्यांच्या घरात, हुर्राक १५ च्या आसपास. म्हणून त्याचं माप वेगळं: ग्लासात ९० मिली हुर्राक, भरपूर बर्फ, अर्धं लिंबू, मीठ, उभी चिरलेली अर्धी हिरवी मिरची, वर लिम्का. नव्वद मिली ऐकून दचकायला नको, त्यात जेमतेम एका छोट्या पेगएवढं अल्कोहोल आहे. दचकायला हवं ते पाचव्या ग्लासाला, कारण दुपारच्या उन्हात तो पाण्यासारखा जातो. हुर्राक टिकत नाही, हंगामातला हंगामातच संपवायचा.

मिरची मात्र ग्लासात टाका, जगात नको. मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतो. संध्याकाळी सातला मजेदार लागलेला जग नऊला कोणाच्याच घशाखाली उतरत नाही. लवंग आणि दालचिनीचंही थोडंफार तेच. एका ग्लासाला एक लवंग शोभते म्हणून दहा ग्लासांच्या जगात दहा टाकल्या तर दातदुखीच्या औषधाचा वास येतो. दोन पुरतात, तासाभराने काढून घ्यायच्या.

जगात फळांचे तुकडे टाकायची हौस असते. सालीसकट लिंबाच्या चकत्या दोन-तीन तासांनी पंच कडू करतात, सफरचंद काळवंडतं, कलिंगडाचा लगदा होतो, पुदिना काळा पडून दातात अडकतो. पुदिना ग्लासात, तोही आयत्या वेळी, तळहातावर एकदा आपटून. खलबत्त्यात कुटला तर गवताची चव येते. आणि दारूत मुरलेली फळं तळाशी उरतात ती घरातलं पोर सरबतातली समजून खातं, एवढं एक कारण पुरेसं आहे. सजवायचंच असेल तर ठोकळा गोठवताना त्यात संत्र्याच्या चकत्या घाला. तो वितळेपर्यंत त्या आतच राहतात.

चखण्यात गोड नको, पंच स्वतःच गोड आहे. खारे दाणे, कांदा, मिरची, लिंबू कालवून; भजी; कोकणातली मंडळी असतील तर तळलेले सुके बोंबील. पहिल्या ग्लासाच्या आधी पोटात काहीतरी जाईल असं बघा. उपाशी पोटी दारू आतड्यात झटकन उतरते, मग एक ग्लास दोनाचं काम करतो. जेवण साडेनवाला वाढा, साडेअकराला नको. आपल्याकडे जेवण म्हणजे बैठक संपल्याची खूण मानतात, म्हणून ते पुढे पुढे ढकलत नेतात आणि शेवटी अर्धं उरतं.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू घेण्या-पिण्यासाठी आजही परवाना लागतो. कडक दारूसाठी वय २५, बिअर आणि वाइनसाठी २१. गोव्यात १८, पण गोव्यातून स्वस्तात भरलेल्या बाटल्या परवान्याशिवाय सीमेवरच्या बांद्याच्या नाक्यापलीकडे आणल्या तर गुन्हा होतो. गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. वरच्या पंचचा एक ग्लासही कित्येकांना तिच्या आसपास नेऊन ठेवतो. चालवणाऱ्याने शून्य, एवढाच हिशेब सोपा.

उरलेल्या पंचमधला ठोकळा रात्रीच काढून टाका, गाळा आणि बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चांगला लागतो, फक्त अर्ध्या लिंबाचा ताजा रस पिळावा लागतो. तिसऱ्या दिवशी रस कडवट झालेला असतो. तेव्हा तो आटवून सॉस करा वगैरे सल्ले ऐकू नका, ओतून द्या.